बॉबी जोन्स आणि त्यांच्या काठ्या

गोल्फ हा खेळ आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या फारसा परिचयाचा नाहीं. तथापि भारतांत तो नवा आहे असें मात्र नव्हे. कलकत्त्याची गोल्फसंस्था इ. स. १८२९ मध्यें स्थापन झाली आणि ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुनी संस्था म्हणून तिची ख्याति आहे. विस्तीर्ण हिरवळीवर अठरा ठिकाणीं लहान लहान खळगे केलेले असतात. एक लहानसा कठीण चेंडू काठीनें टोलवीत एकामागून एका खळग्यांत घालावयाचा, आणि ज्याचे टोले कमी तो जिंकला, इतकाच या खेळाचा सारांश. सांगावयास सोपा, साधावयास अत्यंत अवघड. काठीही एक पुरत नाहीं. लांब पल्ल्यासाठीं ज्यांचें डोकें पूर्वीं लांकडी असे त्या, मधल्या पल्ल्यासाठीं लोखंडी पात्याच्या, आणि शेवटीं खळग्याजवळ चेंडू हळूच लोटण्यासाठीं एक निराळी, तिला पटर म्हणतात. प्रत्येक काठीची लांबी, वजन व पात्याचा कल वेगळा असतो.

या खेळांत एक वाद पुष्कळ दिवसांपासून चालत आलेला आहे. हौशी खेळाडूनें काठ्या आपल्या अंगाच्या मापानें करवून घ्याव्या, कीं दुकानांत सर्वांसाठीं एकाच मापाच्या मिळतात त्या घेऊन आपला हात सुधारण्याकडे लक्ष द्यावें? क्रिकेटच्या मोसमांत नव्या बॅटीसाठीं घरीं हट्ट धरणाऱ्या विद्यार्थ्यांस हा वाद गोल्फ न पाहतांही समजेल. त्याचा विचार कोरड्या रीतीनें करण्यापेक्षां एका मनुष्याच्या चरित्रावरून करणें मला बरें वाटतें. कारण स्पर्धांत उतरत होता तोंवर हौशीच राहून ज्यानें धंदेवाईक खेळाडूंना वारंवार जिंकलें, असा त्याच्या तोडीचा दुसरा पुरुष या खेळांत झाला नाहीं. त्याचें नांव रॉबर्ट टायर जोन्स. जग त्याला बॉबी जोन्स म्हणून ओळखतें.

बॉबीचा जन्म अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत अटलांटा शहरीं ता. १७ मार्च १९०२ रोजीं झाला. वडील वकिली करीत. मूल जन्मापासूनच अशक्त. पोटाच्या विकारामुळें पहिलीं कित्येक वर्षें त्याला धड अन्न पचत नसे. मोकळी हवा मिळावी म्हणून कुटुंब उन्हाळ्यांत शहराबाहेर ईस्ट लेक येथें राहूं लागलें. जवळच गोल्फचें मैदान होतें. तेथील एका सभासदानें एक जुनी लोखंडी काठी कापून आखूड केली आणि त्या मुलाच्या हातीं दिली. हीच त्याची पहिली काठी. मोठ्या माणसाची काठी कापल्यानें लांबी तेवढी जुळते. डोक्याचें वजन मोठ्याचेंच राहतें, आणि दांडा आखूड झाल्यामुळें अधिकच ताठ होतो. म्हणजे आजच्या मोजमापाच्या शास्त्राप्रमाणें पाहिलें तर ती काठी त्या मुलास सर्वस्वीं अयोग्य होती. तिनेंच घराजवळच्या मातीच्या रस्त्यावर चेंडू मारीत तो खेळूं लागला.

त्याला रीतसर धडे कोणींच दिले नाहींत. ईस्ट लेकच्या मैदानावर स्ट्यूअर्ट मेडन नांवाचा एक अबोल स्कॉच शिक्षक होता. हा स्कॉटलंडांतील कार्नूस्टी गांवचा. बॉबी त्याच्या मागोमाग मैदानभर हिंडे, त्याचे हात कसे फिरतात, खांदा कसा वळतो हें डोळ्यांनीं टिपी, आणि घरीं येऊन तसेंच करून पाही. मुलांच्या अंगीं नकला करण्याची जी शक्ति असते, व जिच्याबद्दल आम्ही शिक्षक त्यांस बहुधा रागें भरतों, ती येथें कामास आली. कालांतरानें दोघांचा टोला इतका सारखा दिसूं लागला कीं दुरून पाहणारा फसावा. नवव्या वर्षीं त्यानें आपल्या संस्थेची मुलांची स्पर्धा जिंकली. चौदाव्या वर्षीं, १९१६ सालीं, फिलाडेल्फियाजवळील मेरियन येथें तो राष्ट्रीय हौशी स्पर्धेंत उतरला आणि दोन सामने जिंकून तिसऱ्यांत हरला. त्या वयांत एवढें यश मिळाल्यावर सर्व देशाचें लक्ष त्याच्याकडे वेधलें गेलें.

येथून पुढचीं सात वर्षें मात्र राष्ट्रीय दर्जाचा एकही विजय त्याच्या वाट्यास आला नाहीं. दोष काठ्यांचा नव्हता, स्वभावाचा होता. टोला चुकला कीं संताप अनावर होई आणि हातांतील काठी हवेंत भिरकावली जाई. १९२१ सालीं स्कॉटलंडांत सेंट अँड्र्यूज येथील खुल्या स्पर्धेंत तर तिसऱ्या फेरींत, अकराव्या खळग्यापाशीं, त्यानें चेंडू उचलला व स्पर्धा अर्ध्यावर सोडली. गोल्फची काशीच म्हणावी अशा त्या गांवीं असें वागणें लोकांस मुळींच रुचलें नाहीं. या वागण्याची लाज त्याला स्वतःलाच सर्वांत अधिक वाटली, आणि पुढें हळूहळू त्यानें आपल्या रागावर इतका ताबा मिळविला कीं नंतरच्या पिढीस तो राग ऐकीव गोष्ट वाटावी.

एव्हांना बॉबी मुलगा राहिला नव्हता. यापुढें त्यांचा उल्लेख आदरानेंच करणें योग्य. खेळ हा त्यांचा धंदा कधींच नव्हता. १९२२ मध्यें त्यांनीं जॉर्जियाच्या तंत्रविद्यालयांतून यंत्रशास्त्राची पदवी घेतली, १९२४ मध्यें हार्वर्ड येथून इंग्रजी वाङ्मयाची. पुढें कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि तो पुरा होण्यापूर्वींच वकिलीची परीक्षा उतरले. वर्षांतून थोडे महिने काय ते स्पर्धांसाठीं. यंत्रशास्त्राचें हें शिक्षण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा संबंध येणार आहे.

पहिला मोठा विजय १९२३ सालीं न्यूयॉर्कजवळील इन्वुड येथें मिळाला. ती अमेरिकेची खुली स्पर्धा होती; तींत हौशी व धंदेवाईक दोघेही उतरतात. स्पर्धेपूर्वीं सराव करीत असतां जोन्स यांचे खळग्याजवळचे टोले सारखे चुकत होते. स्ट्यूअर्ट मेडनचा भाऊ जिमी हा त्या भागांतील एका संस्थेंत शिक्षक होता. त्यानें आपल्याजवळचा एक जुना पटर त्यांच्या हातीं ठेवला. त्याचें नांव कॅलॅमिटी जेन. हा पटर जोन्स यांच्या मापानें केलेला नव्हता. स्कॉटलंडांत गिऱ्हाइकांसाठीं सरसकट घडविल्या जाणाऱ्या पटरांपैकींच तो एक होता. दांड्यास चीर गेल्यामुळें त्यावर दोऱ्याचे घट्ट वेढे दिलेले होते. असा तो डागडुजी केलेला पटर घेऊन जोन्स यांनीं स्पर्धा बरोबरींत सोडविली आणि निर्णयाच्या जादा सामन्यांत बॉबी क्रुकशँक यांस हरवून ती जिंकली. दुकानी मालाच्या कैवाऱ्यांना याहून चांगला दाखला कोठें मिळेल? परंतु थोडें थांबावें. पटर जोन्स यांच्यासाठीं केलेला नव्हता हें खरें, पण अनेकांतून त्यांच्या हातास तोच मानवला, आणि मानवल्यावर त्यांनीं तो सोडला नाहीं. गंज बसूं नये म्हणून वारंवार घासल्यामुळें अखेरीस त्याच्या पात्याचा सपाटपणा गेला, तेव्हां १९२६ च्या सुमारास त्यांनीं दुसऱ्या जातीचा पटर न घेतां त्याचीच हुबेहूब नक्कल करवून घेतली. त्यांच्या तेरा मोठ्या विजयांपैकीं शेवटचे दहा या नकलेनें मिळविलेले आहेत.

बाकीच्या काठ्यांची कथा अधिक बोधप्रद आहे. त्या काळीं दांडे हिकरी नांवाच्या अमेरिकन वृक्षाच्या लांकडाचे असत. आपल्याकडील शेतकरी कुऱ्हाडीच्या दांड्यासाठीं धावड्याचें लांकूड पसंत करतो, आणि तरीही दोन-चार दांडे हातांत घेऊन, तोलून, हवेंत फिरवून मगच एक उचलतो; कारण एकाच झाडाचे दोन दांडे सारखे नसतात हें त्याला कोणीं सांगावें लागत नाहीं. हिकरीचेंही तेंच. एक दांडा ताठ, दुसरा लवचीक; एक टोल्याच्या वेळीं पीळ खातो, दुसरा खात नाहीं. गोल्फमध्यें हा फरक कुऱ्हाडीपेक्षां फार महाग पडतो. काठी वेगानें खालीं येऊं लागली कीं जड डोकें मागें रेंगाळतें व दांडा वांकतो. चेंडूपाशीं पोचेपर्यंत तो पुन्हां सरळ व्हावयास हवा. दांडा हाताच्या गतीस न जुळणारा असेल तर डोकें लवकर तरी येतें किंवा उशिरां तरी, आणि पात्याचें तोंड एखाद्या अंशानें वळतें. शेंदोनशें यार्डांवर तेवढा एक अंश चेंडूला झाडींत नेऊन टाकण्यास पुरेसा असतो. हात नेहमींसारखाच फिरला आणि चेंडू मात्र भलतीकडे गेला, अशी स्थिति होते. मग हौशी खेळाडू आपल्या हाताला दोष देतो, तो बिघडलेला समजून बदलूं लागतो, आणि चांगला हात खरोखरच बिघडवून घेतो.

जोन्स यांनीं आपला संच एकदम विकत घेतला नाहीं. वर्षानुवर्षें, एकेक काठी हातांत घेऊन, फिरवून, टोले मारून, आवडली तर ठेवून, न आवडली तर टाकून देऊन त्यांनीं तो जमविला. लांब टोल्याची त्यांची लाडकी काठी सनिंगडेल येथील जॅक व्हाइट या जुन्या विजेत्यानें केलेली होती. तिला सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबरींतील नायिकेवरून जीनी डीन्स असें नांव होतें. दांड्याचा ताठपणा मोजण्याचें यंत्र त्यांच्याजवळ नव्हतें. होता तो केवळ हात. गोल्फच्या इतिहासांत एक गोष्ट वारंवार सांगितली जाते ती अशी: पुढें कित्येक वर्षांनीं त्यांच्या काठ्या तपासण्यांत आल्या तेव्हां सर्वांचे दांडे एकमेकांशीं आश्चर्यकारक रीतीनें जुळणारे निघाले, एकीचा अपवाद करून, आणि जी एक जुळली नाहीं तिनेंच, म्हणजे आजच्या आठ नंबरच्या लोखंडी काठीनें, त्यांना जन्मभर त्रास दिला होता.

ही गोष्ट मापाच्या काठ्यांच्या बाजूनें सांगतात, आणि ती तशी आहेही. परंतु तिची दुसरी बाजू लोक विसरतात असें मला वाटतें. जोन्स यांना काठ्यांतील एवढे बारीक भेद कळले, कारण त्यांचा टोला वर्षानुवर्षें एकसारखा होता. हात हा येथें तराजू होता. तराजूच डुलत असेल तर त्यांत घातलेल्या मालाचें वजन काय कळणार? तो तराजू स्थिर कसा झाला हें पाहिलें तर आपण पुन्हां ईस्ट लेकच्या मातीच्या रस्त्यावर येतों, त्या कापलेल्या, जड डोक्याच्या काठीपाशीं.

त्यांच्या विजयांची सबंध यादी येथें देत नाहीं. १९२५ सालची एक गोष्ट मात्र सोडवत नाहीं. वूस्टर येथील खुल्या स्पर्धेंत उंच गवतांत काठी टेकतांना चेंडू किंचित् हालला, असें त्यांना वाटलें. दुसऱ्या कोणीं तें पाहिलें नव्हतें. पंचांनीं निर्णय त्यांच्यावरच सोपविला. त्यांनीं स्वतःवर एका टोल्याचा दंड लावून घेतला. स्पर्धा बरोबरींत सुटली आणि निर्णयाच्या खेळांत विली मॅकफर्लेन यांजकडून ते एकाच टोल्यानें हरले. लोकांनीं त्यांची फार स्तुति केली, तेव्हां नियम पाळण्यांत स्तुति करण्याजोगें काय आहे हेंच त्यांना उमगेना. पुढें १९३० मध्यें, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्यांनीं एकाच मोसमांत चारही श्रेष्ठ स्पर्धा जिंकल्या: सेंट अँड्र्यूज येथें ब्रिटिश हौशी, हॉयलेक येथें ब्रिटिश खुली, इंटरलॅकन येथें अमेरिकन खुली, आणि सप्टेंबरांत मेरियन येथें अमेरिकन हौशी. ता. १७ नोव्हेंबर १९३० रोजीं त्यांनीं स्पर्धांतून निवृत्त होत असल्याचें जाहीर केलें. हाताशीं त्या वेळींही हिकरीच्याच काठ्या होत्या, जरी पोलादी दांड्यांस अमेरिकेंत १९२४ पासून व ब्रिटनमध्यें १९२९ पासून मुभा मिळालेली होती.

निवृत्तीनंतर त्यांनीं खेळाचे बोलपट काढण्याचा करार केला आणि स्पाल्डिंग या कंपनीसाठीं काठ्यांची आंखणी करण्याचें काम पत्करलें. त्यामुळें आपलें हौशीपण संपलें हें त्यांनीं सरळ मान्य केलें. पैसाही घ्यावा आणि हौशीही म्हणवावें ही लबाडी त्यांना करावयाची नव्हती. येथें त्यांचें यंत्रशास्त्र उपयोगास आलें. पोलादी नळी कारखान्यांत हवी तशी, हव्या तितक्या ताठपणाची, शेंकड्यांनीं एकसारखी काढतां येते. कंपनीचे आंखणीकार व्हिक्टर ईस्ट यांच्याबरोबर त्यांनीं पोलादी दांड्यांचा, एकमेकींशीं जुळणाऱ्या काठ्यांचा संच तयार केला. १९३२ पासून तो त्यांच्या नांवानें विकला जाऊं लागला. लोकांस लांकडाची संवय होती म्हणून पोलादावर लांकडाच्या रंगाचें वेष्टण चढविलेलें असे! जोन्स यांनीं अनेक वर्षें धुंडाळून जें जमविलें तें आतां सामान्य हौशी खेळाडूस दुकानांत एका खेपेंत मिळूं लागलें. हा उपकार लहान नव्हे.

परंतु या संचांत एक मेख होती, आणि माझ्या मतें सर्व वादाची किल्ली तींतच आहे. जोन्स यांच्या जुन्या काठ्या दोन प्रकारें जुळलेल्या होत्या: एकमेकींशीं, आणि जोन्स यांच्याशीं. कारखान्यानें पहिलें जुळणें सर्वांस दिलें. दुसरें देणें त्यास शक्य नव्हतें, कारण विकत घेणारा कोण, उंच कीं ठेंगणा, जोरकस कीं हळुवार, हें कारखान्यास ठाऊक नसतें. याचें थोडें हास्यास्पद उदाहरण त्या प्रसिद्ध पटरचेंच आहे. कॅलॅमिटी जेनच्या नकला कंपनीनें पुष्कळ विकल्या, आणि चिरलेल्या दांड्यावरचे ते दोऱ्याचे वेढे नव्या, न चिरलेल्या दांड्यांवरही शोभेसाठीं उठविले. लंगड्या साधूचा शिष्यही लंगडत चालावा त्यांतलाच हा प्रकार. कित्येक हौशी खेळाडूंनीं ते वेढे पाहून पटर घेतला असेल. जोन्स यांचा हात त्याबरोबर आला नाहीं.

त्यानंतर माप घेऊन काठ्या देण्याचें शास्त्र बरेंच पुढें गेलें. नॉर्वेंत जन्मलेले अमेरिकन अभियंते कार्स्टन सॉल्हाइम यांच्या पिंग कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत काठ्यांवर रंगीत ठिपके देऊन पात्याच्या बैठकीचे कोन निरनिराळ्या शरीरांसाठीं विकण्याची पद्धत रूढ केली. बैठकीचा कोन म्हणजे काठी जमिनीवर टेकली असतां तिचा तळ सपाट बसतो कीं नाहीं तें. उजव्या हातानें खेळणाऱ्याच्या काठीचें टोंक वर राहिलें तर चेंडू डावीकडे ओढला जातो, टांच वर राहिली तर उजवीकडे. पुढें यंत्रें आलीं. टोल्याचा वेग, चेंडूच्या उड्डाणाचा कोन व त्याची गिरकी हीं सर्व आतां क्षणांत मोजलीं जातात, आणि विकणारे हौशी गिऱ्हाइकास असें भासवितात कीं माप दिलें म्हणजे खेळ आलाच.

तर मग हौशी खेळाडूनें काय करावें? माझी समजूत अशी आहे. माणसाची उंची, हातांची लांबी व पंजाचा आकार हीं त्याच्या खेळाच्या प्रगतीबरोबर बदलत नाहींत. म्हणून काठीची लांबी, बैठकीचा कोन आणि मुठीची जाडी हीं आरंभापासून अंगाला बेतशीर असावीं. तीं नसलीं तर नवशिका वांकून किंवा ताठून उभा राहतो व ती खोड जन्मभर जात नाहीं. फार उंच व फार ठेंगण्या माणसांना यापासून सर्वांत अधिक लाभ होतो. मध्यम बांध्याच्या माणसास दुकानी काठी बहुधा चालते. दांड्याचा ताठपणा, डोक्याचें वजन व तत्सम सूक्ष्म गोष्टी मात्र टोल्यावर अवलंबून असतात, आणि ज्याचा टोला आज एक व उद्यां दुसरा, त्याचें आज घेतलेलें माप उद्यां खोटें ठरतें. अशानें तो पैसा एखाद्या मेडनसारख्या शिक्षकाच्या पदरीं घालावा व वर्षा-दोन वर्षांनीं पुन्हां विचार करावा. हात बसल्यावर मात्र मापाच्या काठ्यांस नांवें ठेवणें हा हटवादीपणा होय. आठ नंबरची ती एक काठी जोन्स यांच्यासारख्याला जर सतावते, तर तुम्हांआम्हांस कशी सोडील?

जोन्स यांचें उरलेलें आयुष्य सुखाचें गेलें नाहीं. ऑगस्टा येथें ॲलिस्टर मॅकेंझी यांच्या साहाय्यानें त्यांनीं एक सुंदर मैदान उभारलें, आणि १९३४ पासून तेथें जी वार्षिक स्पर्धा सुरू झाली ती मास्टर्स या नांवानें आज जगभर प्रसिद्ध आहे. १९४८ मध्यें पाठीच्या कण्याच्या एका विकारानें त्यांना घेरलें व त्यांचा खेळ कायमचा थांबला. आधीं एक काठी, मग दोन, मग पायांस आधाराच्या पट्ट्या, अखेरीस चाकांची खुर्ची, अशा क्रमानें ज्या शरीराचा तोल जगानें वाखाणला तें शरीर क्षीण होत गेलें. त्यांनीं याबद्दल गाऱ्हाणें केलें नाहीं. १९५८ मध्यें सेंट अँड्र्यूजच्या नागरिकांनीं, ज्यांच्या मैदानावर १९२१ सालीं ते चेंडू उचलून निघून गेले होते त्यांनींच, त्यांना आपल्या गांवचें सन्माननीय नागरिकत्व अर्पण केलें. हा मान त्यांच्यापूर्वीं एकाच अमेरिकनास, बेंजामिन फ्रँकलिन यांस, मिळालेला होता. ता. १८ डिसेंबर १९७१ रोजीं अटलांटा येथें जोन्स यांचा अंत झाला. जुनी कॅलॅमिटी जेन ऑगस्टा येथें जपून ठेवलेली आहे. तिची नक्कल, जिनें ते दहा विजय मिळविले, अमेरिकन गोल्फसंघाच्या संग्रहालयांत आहे.